तीनशे साठ जबड्यांची एक रांग

तीन दिवस धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. अशा ओल्या हवेत प्लास्टर लवकर वाळत नाही, म्हणून दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत साचेकाकांनी सकाळी सकाळीच टेबलावर ताजे जबडे पंख्यासमोर मांडले होते. पंखा फिरला की वाटायचं, सगळे मिळून काकांना हसतायत.

सव्वीस वर्षं काका लोकांच्या दातांचे साचे करत होते. वरचा-खालचा जबडा रबराने बांधायचा, बुडाला पेशंटचा नंबर लिहायचा, फळीवर ठेवायचा. साचे बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. जिवंत माणसाशी बोलायचं म्हटलं की काकांची दातखीळ बसायची.

थोरल्या आणि धाकट्या डॉक्टरभावांनी आपापले दवाखाने नुकतेच एकत्र केले होते. एका लांब फळीवर डावीकडे थोरल्यांचे एकशेऐंशी साचे, उजवीकडे धाकट्यांचे तेवढेच. मध्ये बोटभरही जागा नाही.

"अकराला मुख्याध्यापिकाबाई येतायत, माझ्या पेशंट, नंबर सत्त्याऐंशी," धाकटे म्हणाले. "पाच मिनिटांत साचा सापडला तर फळी राहील. नाही सापडला तर सगळ्यांचे फोटो काढून साचे भंगारात, आणि काका, तुम्ही पुढच्या खिडकीवर."

खिडकीवर म्हणजे दिवसभर माणसं. काकांनी घाईघाईने भाचीला फोन लावला. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. दोन रांगांची नंबरवार एक रांग झटपट कशी करायची, असं त्यांनी विचारलं.

"मामा, त्याला आमच्याकडे तयार फंक्शन असतं, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा. सुरुवात, मध्य, शेवट दाखवायचा. क्रमाने लावलेल्या दोन रांगांची ते जागच्या जागी एक रांग करतं."

"मग दे पाठवून."

"ते जबडे नाही उचलत. तूच फंक्शन हो. दोन्ही रांगांतला पहिला-पहिला बघ. डावीकडचा लहान किंवा बरोबरीचा असेल तर त्याला हलवू नकोस, त्याच्या पुढचा बघ. उजवीकडचा लहान असेल तर तो डावीकडच्याच्या आधी घाल, बाकीचे सरकव. पण दोन्ही रांगा एकाच नियमाने लावलेल्या हव्यात. नसल्या तर ते तक्रार करत नाही, मुकाट्याने वाटोळं करतं."

"मी काय आज जन्मलोय?" म्हणत काकांनी फोन ठेवला.

उजवीकडचा पहिला साचा दोनशे बारा नंबरचा. डावीकडचा एक नंबर त्याहून लहान, राहू दे. दोन नंबर, राहू दे. असं करत एकशेऐंशीपर्यंत गेले, एकही हलवावा लागला नाही. डावी बाजू संपली म्हणजे काम संपलं. काका खूश. तीनशे साठ जबडे आणि घामाचा थेंब नाही. भाची उगीच पगार घेते, असं त्यांना वाटलं.

अकराला बाई खुर्चीत बसल्या. काकांनी फळीवरून सत्त्याऐंशी आणला.

"हे कोणाचे?" बाई म्हणाल्या. "ह्याला चारही अक्कलदाढा आहेत. माझ्या कधीच गेल्या."

दोन्ही दवाखान्यांचे नंबर एकपासूनच सुरू व्हायचे, आणि हा थोरल्यांचा सत्त्याऐंशी होता, एका बस ड्रायव्हरचा. काका धावत मागे आले आणि उजवीकडची रांग पहिल्यांदा धड बघितली. दोनशे बारा, मग नऊ, मग तीनशे चार. नंबरांना शेंडा ना बुडखा. पण पहिल्याच्या तोंडात बत्तीस दात, पुढे तीस, अठ्ठावीस, आणि टोकाला नुसत्या हिरड्या.

काका परत आले आणि कधी नव्हे ते माणसाशी बोलले. "बाई, आ करा."

मोजले. एकोणीस.

"गेल्या महिन्यात एक काढलाय," धाकटे घड्याळ बघत म्हणाले.

म्हणजे साच्यात वीस. वीसवाले सहाजण शेजारी शेजारीच होते. चौथ्याच्या बुडाला सत्त्याऐंशी. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं.

"दातांप्रमाणे कोणी लावले?" काकांनी धाकट्यांच्या जुन्या दवाखान्यातून आलेल्या सिस्टरला विचारलं.

"मीच. नंबर कोणाच्या लक्षात राहतो, काका? तोंड राहतं."

धाकट्यांनी दोघांकडे बघितलं. "राहू दे फळी. पण लावायची एकाच नियमाने. कुठल्या, ते तुम्ही दोघं ठरवा."

म्हणजे आता सिस्टरशी बोलणं आलं. ते दुपारी बघू म्हणून काका तुंबलेल्या बेसिनमधलं प्लास्टर खरवडायला गेले.