रशीदभाईंनी लावलेली खिडकी

साताऱ्याच्या स्टँडवर माझ्या मांडीवरचं खोकं बघून कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, अंडी काय?"

"काचेच्या नळ्या," मी म्हणालो. खरं तर छाती फुगवून सांगायचं होतं की बाबा रे, या नळ्यांना आतून हवा धुणारी पूड फासली आहे! पांढऱ्या रंगात घालतात तीच पूड. ऊन पडलं की स्वतःच्या अंगाला लागलेली विषारी वाफ जाळून टाकते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटलीभर वाफेवर जमलं होतं. आता कारखान्यात बघायचं होतं. गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. मी तिशीतला, आणि शहाणपण नुसतं उतू चाललेलं.

पिंपरीला उतरलो आणि डोळे चुरचुरायला लागले. तिथून भोसरीची बस. रस्त्यानं चाकणच्या बाजाराला निघालेले कांद्याचे ट्रक, आणि प्रत्येकामागे धुळीचा लोट. बसमध्ये सगळे निवांत. खोकत होतो तो मी एकटाच.

भोसरीच्या शेडमध्ये मात्र हबकलोच. थिनरचा (रंग पातळ करायच्या द्रवाचा) वास असा अंगावर आला की मी दारातूनच मागं सरलो. आत रशीदभाई, आमच्या कॉलेजातल्या शिपायाचे थोरले भाऊ, पत्र्यांवर रंग फवारत होते. तोंडाला नुसता रुमाल.

"डॉक्टर म्हणतात, छाती गेली, ही लाइन सोडा," ते खोकत हसले. "सोडून करू काय, सर? हात याच कामाला बसलाय."

दुपारी त्यांनी मला भाकरी आणि ठेचा वाढला. जेवण झाल्यावर प्रत्येकानं गुळाचा खडा तोंडात टाकला. "घशातला रंग उतरतो," त्यांचे जोडीदार दत्तोबा म्हणाले. हे मूळ भोसरी गावातले. "तुमी बी घ्या." विषावर एवढाच बंदोबस्त!

मी खिडकीच्या उन्हात नळ्या मांडल्या, छोटा पंखा जोडला.

"म्हणजे हवा साफ होणार?" रशीदभाईंनी विचारलं.

"होणार म्हणजे होणारच!" मी ठणकावलं. किती हवा, किती वेळात, याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि चहाला गेलो.

परत येतो तर सगळ्या खिडक्या बंद. आत धुकं, आणि रशीदभाई जमिनीवर! दत्तोबा त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढत होते.

"अहो, खिडक्या कुणी लावल्या?" मी किंचाळलो.

"त्येनीच! शेवटचा हात मारताना धूळ बसली की मालक काम परत पाठवतो. तरी श्वासापुरती एक खिडकी उघडी ठेवायचे. आज म्हनले, सरांचं यंत्र हाय, लावा बिनधास्त."

देवा, मी काय करून बसलो! लिंबाच्या झाडाखाली मी त्यांना वारा घालत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"सर, पत्र्यावर धूळ नाही ना बसली?"

हा पहिला प्रश्न. मला रडूच आलं.

मालक येऊन पत्रा निरखून गेला. "झकास! रोज असाच पाहिजे," म्हणाला. जमिनीवर पडलेल्या माणसाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरकडून परतल्यावर रशीदभाईंनी एक नळी हातात घेतली, आतून बोट फिरवलं. "सर, पूड झडतेय. गुळगुळीत काचेवर धरेल कशी? आम्ही पत्रा आधी घासतो, मग रंग देतो. तुम्ही काच घासा." दोन वर्षं मी ज्यावर डोकं आपटत होतो, ते या माणसानं बसल्या जागी सांगितलं. रागाचा एक शब्द नाही.

खोकं मी परत घेऊन निघालो. त्याच्या भरवशावर उद्या पुन्हा खिडकी लागायला नको. "एक तरी उघडी ठेवा," मी हात जोडले.

"मालकानं पत्रा बघितलाय, सर," ते हळूच म्हणाले. "आता कसली उघडी राहते."

परतीच्या एसटीत मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, काच लावा की! धूळ येतेय."

"येऊ दे!" मी खेकसलो. अख्खी गाडी माझ्याकडे बघत राहिली. साताऱ्यापर्यंत मी त्या काचेवरचा हात काढला नाही.