भावकू मिस्त्री आणि हेरेकर वकिलांची मॉरिस

पडदा वर जातो.

बेळगाव, टिळकवाडी. हेरेकर वकिलांच्या बंगल्यामागची पत्र्याची शेड. वेळ सकाळी अकराची. उजव्या विंगेत रामफळाचं झाड. डाव्या विंगेत नळ, आणि नळाखाली डिझेलमध्ये भिजत घातलेल्या नटबोल्टांची परात. रंगमंचाच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर एक मोटार उभी. तिला चाकं नाहीत, दारं नाहीत, काचा नाहीत. तिच्याखालून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले. प्रेक्षकांनी घाबरू नये, पाय जिवंत आहेत. मधूनमधून डाव्या पायाचा अंगठा उजव्या पोटरीला खाजवतो.

पन्नास वर्षं मी रंगभूमीवर काढली. घोड्यावरून येणारे नायक पाहिले, झुंबराला लोंबकळत येणारे पाहिले. एक तर भलत्याच अंकात आला. पण नुसत्या पायांनी प्रवेश करणारा नायक मला आयुष्यात एकच भेटला. त्याचं नाव भावकू मष्णू गावडे, मूळ गाव कणकुंबीच्या अलीकडं, सरकारी बस डेपोतला निवृत्त मिस्त्री.

आता नागुबाई येते. ही भावकूची बायको. हातात जेवणाचा डबा. ती पायांशी बोलते.

"अवो, भाकरी गार हुतीया."

"आलो. ह्यो येकच बोल्ट."

"त्यो बोल्ट काल बी हुता."

"काल दुसरा हुता."

"मला तर समदं सारखंच दिसत्यात."

पाय एकदम स्थिर झाले. मग मोटारीखालून मला हाक आली, "आप्पा, ऐकलासा न्हवं? सारखंच दिसत्यात म्हणती. हिच्यासंगं चाळीस वर्सं काढलो मी."

"आणि मी काढली ती कुणी मोजायची?" डबा बाकावर आपटून नागुबाई म्हणाली. टाळी घेणारं वाक्य होतं. मी घेतली असती.

मी शेजारीच राहतो. नाटकं थांबली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा रोज सकाळी त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसणं हाच माझा उद्योग झाला. त्यामुळे हे सगळं मी पहिल्या रांगेतून पाहिलेलं आहे.

भावकूची गोष्ट मात्र त्या शेडच्या आधी सुरू होते. डेपोत त्यानं चौतीस वर्षं काढली. तिथली रीत अशी, की बस आत आली की तिच्याखाली शिरायचं, आणि अर्धं काम झालं की सुटायची वेळ व्हायची. कंट्रोलर शिट्टी मारायचा. "भावकू, येवढी फेरी मारून येऊ दे. आल्यावर बघ." बस आली की पुढची फेरी तयार. मग तारेनं आवळ, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळ आणि सोड. पत्रा वाजला तर वाजू दे, खिडकी लागली नाही तर प्रवाशानं हातानं धरावी. लोक म्हणायचे, भावकूचा हात लागला की गाडी धावतेच. हे ऐकून त्याला बरं वाटण्याऐवजी वाईट वाटायचं, हे कुणाला कळलं नाही.

त्याच्या निरोप समारंभाला मी होतो. भावकू आमच्या नाटकांचा जुना प्रेक्षक, म्हणून मला पाहुणा बोलावलं होतं. शाल झाली, नारळ झाला, भावकू बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "चौतीस वर्सांत माझ्या हातनं येक बी गाडी पुरी झाली न्हाय. माफी असावी." आणि बसला. सगळे पोट धरून हसले. विनोद आहे असं वाटलं त्यांना. मी त्याचे डोळे पाहत होतो. नट माणूस, खोटं रडणं आणि खरं रडणं यातला फरक तेवढा कळतो.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी विद्युल्लताबाईंनी त्याला पाण्याचा पंप बघायला बोलावलं. विद्युल्लताबाई म्हणजे हेरेकर वकिलांची कन्या, वय तेव्हा ऐंशी, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त. भावकू आठवीत त्यांच्या हाताखाली होता आणि नापास झाला होता. ते दोघंही विसरलेले नाहीत. पंप शेडमध्ये होता, आणि पंपाशेजारी वकिलांची मोटार. एकावन्न सालची मॉरिस मायनर. चाळीस वर्षं जागची हललेली नव्हती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

भावकूनं पंप दुरुस्त केला, पण त्याची नजर मॉरिसवरून हटेना. बाईंनी ती ओळखली.

"भावकू, ही होईल का रे?"

"व्हईल की, बाई."

"मग बाबांची गाडी जशी होती तशी करून दे. एकदा बसायचंय मला तिच्यात. माझी काही घाई नाही. तुला कोणी शिट्टी मारणार नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं तो पुरता गेला. आयुष्यात एक गाडी पुरी करायची संधी आली होती. पुढची दोन वर्षं त्याला दुसरं काही दिसलं नाही.

त्याची कामाची पद्धत सांगतो. जो तुकडा निघेल तो पुसून विड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचा आणि त्याला लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. अशी एकशे बारा खोकी भिंतीला लागली. एका चिठ्ठीवर मी वाचलं, "दार, डावं, स्क्रू तिसरा, जरा रुसका." त्याच पुठ्ठ्याच्या पाठीमागं कुणातरी चि. सौ. कां.चा मुहूर्त.

ही मॉरिस वळताना हात दाखवायची. आता दिवा लुकलुकतो, तिच्या मात्र दाराजवळच्या खांबातून वीतभर लांबीचा पिवळा हात टुणकन बाहेर यायचा. उजवा होता, डावा नव्हता. भावकूनं गोव्यापासून कोल्हापूरपर्यंत भंगारवाले पालथे घातले. शेवटी तो हात निपाणीत सापडला. तंबाखूच्या एका जुन्या वखारीत, खिडकीला कडी म्हणून लावलेला. मालक ओमकारशेठ म्हणाले, "कडी काढली तर खिडकी कशी लागणार?" भावकू बसनं बेळगावला परत आला, घरातल्या खिडकीची पितळी कडी काढली, दुसऱ्या दिवशी निपाणीला जाऊन ती वखारीला बसवली आणि मॉरिसचा हात घेऊन आला. नागुबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी अजून सुतळीनं बांधलेली आहे.

रंगाच्या बाबतीत मी तोंडघशी पडलो. अडुसष्ट साली याच गाडीनं आम्ही नंदगडला नाटकाला गेलो होतो. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, गाडी हिरवी होती, मखमलीसारखी हिरवी. बाई म्हणाल्या, पांढरी. पत्र्यावरचा रंग तर गंजानं कधीच खाल्ला होता. भावकूनं दोघांचंही ऐकून घेतलं. त्यानं डॅशबोर्ड उतरवला आणि त्यामागं, जिथं ऊन नाही की पाऊस नाही, तिथला चिंचोक्याएवढा रंग दाखवला. राखाडी. मग बाईंना आठवलं, पांढरी केली ती नंतर, भावाच्या लग्नात. आणि मलाही आठवलं. नंदगडला जाताना आमच्या कंपनीचा मखमली पडदा टपावर बांधला होता आणि तो बॉनेटपर्यंत लोंबत होता. मी इतकी वर्षं पडदा आठवत होतो.

तर गाडी राखाडी झाली. दोन वर्षांनी, माघातल्या एका सकाळी, भावकू अंगात नवा सदरा घालून उभा राहिला. इंजिन चालू होतं, पण आवाज शिलाई मशीनएवढा. दार एका बोटानं लागत होतं. त्यानं मला विचारलं, "आप्पा, पुरी झाली न्हवं?" लग्नमंडपात मुलीचा बाप विचारतो, तसं विचारलं.

"पुरी झाली," मी म्हणालो.

बाई आल्या. इस्त्रीची सुती साडी, मनगटावर घड्याळ. लहानपणी बसायच्या तिथंच, मागं डाव्या बाजूला बसल्या. मी पुढं. नागुबाईला बोलावलं तर म्हणाली, "मी न्हाय बाई. कोंबडीची जागा हाय ती."

निघालो. काँग्रेस रोडला लोक थांबून बघत होते, रिक्षावाले सलाम ठोकत होते. दोन डावी वळणं झाली, तीन झाली. पिवळा हात टुणकन यायचा, जायचा. चौथ्या डाव्या वळणावर बाई काच खाली करून कान देऊन बसल्या. कशाची वाट पाहताहेत ते कळेना. परत शेडमध्ये आलो. बाई उतरल्या, बॉनेटवरून हात फिरवला.

"सुंदर आहे. हातात जादू आहे तुझ्या. पण भावकू, ही बाबांची गाडी नाही."

मी अनेक शोकांतिका केल्या. तसा चेहरा एकदाही जमला नाही.

"बाई, समदं कंपनीनं दिलं तसं हाय. येक स्क्रू इकडचा तिकडं न्हाय."

"कंपनीचं मला काय करायचंय? बाबांची गाडी डावीकडं वळली की तिचा हॉर्न आपोआप वाजायचा." नंदगडच्या प्रवासातला हॉर्नही मी विसरलो होतो.

"त्यो बिघाड हुता, बाई! ष्टेअरिंगच्या दांड्यात वायर सोलली हुती, वळलं की टेकायची. मी ती बदललो. चिठ्ठी हाय."

"असेल. पण बाबांनी कधी कुणाची माफी मागितली नाही. कोर्टात नाही, घरात नाही, आईची तर नाहीच. फक्त डाव्या वळणाला हॉर्न वाजला की डोकं बाहेर काढून समोरच्या माणसाला म्हणायचे, 'माफ करा हं, तुम्हाला नाही.' भाजीवालीला, गाडीवानाला, एकदा तर म्हशीला. मी लाजेनं सीटखाली जायची. जशी होती तशी म्हणाले होते ना मी?"

बाई आत गेल्या. भावकू चार दिवस शेडकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी मीच त्याच्या घरी गेलो. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"चौतीस वर्सं बिघडलेल्या गाड्या सोडलो, आप्पा. येक नीट केलो, तर म्हणत्यात बिघडवून दे. मी न्हाय करणार."

मी त्याला आमच्या नाटकातल्या सेनापतीची गोष्ट सांगितली. त्याची मिशी तिसऱ्या अंकात दर प्रयोगाला गळायची. एकदा आम्ही चांगल्या डिंकानं पक्की चिकटवली, तर शेवटच्या रांगेतून लोक ओरडायला लागले, मिशी पाडा, मिशी पाडा!

"तुमची मिशी आणि माझा हॉर्न येक न्हवं," भावकू म्हणाला.

तेव्हा नागुबाई चुलीपासून बोलली. "व्हय, येक न्हवं. त्या बाईनं बाबा मागितला, तुमी तिला मोटार दिलासा. अर्धंच काम झालं की."

अर्धंच काम. तो शब्द त्याला नेमका लागला. उठला, सदरा घातला आणि शेडकडं चालू पडला.

आता मला सांगायला हवं, की बिघाड होणं सोपं, करणं फार अवघड. पहिल्या दिवशी हॉर्न दोन्हीकडं वाजला. दुसऱ्या दिवशी नुसता ब्रेक दाबला की वाजला. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, सगळी टिळकवाडी जेवून आडवी झालेली असताना, तो जो वाजायला लागला तो थांबेचना. शेजारचे निवृत्त प्राध्यापक बनियनवर बाहेर आले.

"अहो मिस्त्री, काय बिघडलंय?"

"बिघडंनाच झालंय, सर!" भावकू घामाघूम होऊन ओरडला. "नीट बसंनाच झालाय बिघाड!"

आठव्या दिवशी जमलं. डावीकडं वळलं की वाजायचा, उजवीकडं गप्प. शेडच्या अंगणात त्यानं वीस वेळा वळवून पाहिलं आणि सगळ्यात शेवटी त्या वायरला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. "सोललेली. बदलू नये."

बाई पुन्हा मागं डावीकडं बसल्या. पहिलं डावं वळण आलं. पिवळा हात टुणकन बाहेर आला आणि हॉर्न भसाड्या आवाजात किंचाळला. कडेनं पालेभाजीची टोपली घेऊन जयाबाई चालली होती, ती दचकून गटारापर्यंत गेली. भावकूनं गाडी थांबवली. आम्ही कुणी काही सांगितलेलं नसताना त्यानं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "माफ करा हं. तुमाला न्हाय."

"मग कुणाला रं, मुडद्या?" जयाबाई म्हणाली.

मी वळून मागं पाहिलं. विद्युल्लताबाई सीटवर नव्हत्या. ब्याऐंशी वर्षांची, गणिताची, करड्या शिस्तीची ती बाई पदराचा बोळा तोंडात धरून, हसत, दोन सीटांच्या मधल्या फटीत घसरली होती. तिला वर काढायला मला आणि भावकूला मिळून पाच मिनिटं लागली. त्या दिवशी आम्ही अकरा वेळा डावीकडं वळलो आणि अकरा जणांची माफी मागितली.

शेडमध्ये परतल्यावर बाईंनी डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि वर्गात निकाल सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "पास. पुरी झाली गाडी, भावकू. आता माझं काही म्हणणं नाही."

मला वाटलं, आता हा रडणार. निदान हात जोडणार. भावकूनं कानामागची पेन्सिल काढली, खोक्यातून एक कोरा पुठ्ठा घेतला आणि बाईंच्या समोर खाली मांडी घालून बसला.

"असं कसं, बाई? आता अर्धं सोडायचं न्हाय. अजून काय काय बिघडलेलं हुतं, ते सावकाश आठवून सांगा."