बिनफोडणीचं वरण

अक्काचं डायलिसिस चालायचं चार तास. अमळनेरहून सकाळच्या गाडीनं आम्ही जळगावला यायचो, आणि तिला एकदा मशीनला जोडलं की मी मोकळा. माझी किडनी तिला जुळली होती. पण माझं वजन नऊ किलोनं उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातं!

दवाखान्यातून बाहेर पडलो की उन्हानं डोळ्यांवर झापड यायची आणि पाय आपोआप एका शेवभाजीच्या हॉटेलाकडे वळायचे. आत अर्धवट अंधार, पंख्याची संथ घरघर आणि काळ्या मसाल्याचा वास. मला वाटायचं, मी जागा नाहीच, हे सगळं झोपेत चाललंय आणि झोपेतलं खाणं अंगाला लागत नाही. वाटी अर्धी झाली की म्हातारे मालक न विचारता वरून लाल तर्री ओतून जायचे. रश्श्यावर तेल दिसलं नाही तर आमच्याकडे वाढणाराच ओशाळतो. महिने गेले, काटा हलेना. माझी हाडंच जड आहेत, असं मी अक्काला सांगायचो. तिला ते पटायचं.

एकदा मशीनवरून उठल्यावर ती म्हणाली, आज मला हॉटेलात ने, नुसता वास घेईन. दुसरं हॉटेल सुचायला हवं होतं, पण पायांनी नेलं तिथंच गेलो. तिच्यासाठी थोडा भात मागवला. तिच्यादेखत मी शहाण्यासारखं बिनफोडणीचं वरण आणि कोरडी भाकरी सांगितली. त्यात उन्हाळा म्हणून डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले.

मालक स्वतः ताट घेऊन आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कोन गयं, भाऊ? नहीते तुले दर खेपले दोनदा तर्री लागस."

घरात मयत झालं की आमच्याकडे दहा दिवस फोडणी बंद असते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग मालकांकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "अजून कोनी नही, आबा."

लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त मी घाबरलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घाबरलो.

आता ते चार तास मी तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसतो, मांडीवर घरचा डबा घेऊन. मशीन गुणगुणत असते, ती झोपते, मीही पेंगतो. डुलकीत कधी तर्रीचा वास येतो, आला तसा जातो. परवा काटा तीन किलोनं खाली आला. तिच्या कानाशी वाकून मी सांगितलं.

डोळे न उघडताच तिनं विचारलं, हाडं हलकी झाली का रे.