तीन नंबरच्या हिरव्या पुड्या

पेंग वहिनींचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. अंडीवाल्यावर नाही, हवामानखात्यावर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. त्यांच्या दुकानाला लागूनच माझी नूडल्सची गाडी, वीस वर्षांचा शेजार. तरी रश्श्यात हाडं नीट उकळलीत की नाही, हे त्या रोज झाकण उघडून बघायच्या.

त्यांचं दुकान तैवानातल्या शिनचूच्या कारखान्यांच्या फाटकासमोर. सगळ्यात जास्त खप मक्याच्या कुरकुऱ्यांच्या हिरव्या पुड्यांचा. इथल्या कारखान्यांची रीतच ती: मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून प्रत्येक मशीनवर एक पुडी ठेवायची. हिरवीच हवी, आणि तारीख उलटायच्या आत बदलायची. माणसं एकवेळ बायकोचा वाढदिवस विसरतील, हे नाही.

समोरच्या ग्राफिक्स चिपवाल्या कंपनीत वहिनींचा एकुलता एक मुलगा चिन-श्यांग चिपा तपासायच्या तीन नंबर लाइनवर होता. लाइनवर अठरा मशीनं. त्यांच्या अठरा पुड्या तो आईकडूनच न्यायचा.

मार्चमध्ये कंपनीचे वर्षाचे निकाल लागले. माझ्या गाडीवरच्या टीव्हीत बाई सांगत होती, विक्री दीडपट, नफा आजवरचा सर्वात मोठा. गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या.

"थापा!" वहिनी म्हणाल्या.

"अहो, हिशेब तपासनिसांनी सह्या केल्यात."

"सह्या तुझ्या गाडीच्या स्वच्छतेच्या दाखल्यावर पण आहेत."

मी रश्श्याखालची आच कमी केली.

"आधीच्या पुड्यांची तारीख जानेवारीत उलटली," त्या हळूच म्हणाल्या. "तीन नंबरसाठी नवी एकही पुडी गेलेली नाही. मशीनं बंद आहेत, लिहून ठेव. बंद मशीनं कसला डोंबलाचा नफा काढतात? उद्या कंपनी बसली तर माझ्या पोराचं काय? चौतिसाव्या वर्षी त्याला कोण दारात उभं करणार?"

खरं सांगतो, मीही मनात गिऱ्हाइकं मोजायला लागलो. माझं अर्धं गिऱ्हाइक तिथलंच.

संध्याकाळी चिन-श्यांग आला. अंगात कंपनीचा निळा कोट, हातात डबा. वहिनींनी त्याला माझ्या गाडीपाशीच गाठलं.

"पुड्या का नेल्या नाहीस?"

"राहून गेलं, आई."

"अठराच्या अठरा? मला शेंडी लावू नकोस. कंपनी खोटं बोलतेय ना?"

तो डब्याची कडी उघडझाप करत राहिला.

"नाही गं. निकाल खरे आहेत," तो म्हणाला. "तीन नंबर बंद केली. नव्या इमारतीत मशीनच सगळं तपासतं, माणूस लागत नाही. आम्हा चाळीस जणांना नोव्हेंबरातच घरी पाठवलं."

"घरी? अरे, तू तर रोज सकाळी..."

रोज सकाळी सात वाजता त्या स्वतःच्या हातानं त्याचा डबा भरत होत्या. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला ह्या एकाचा कधी आला नव्हता.

आता ह्याची चांगली खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. वहिनींनी त्याच्या हातातला डबा घेतला, उघडून बघितला. आतून स्वच्छ धुतलेला होता.

"मग जेवत कुठे होतास इतके दिवस?"

"नदीवर. पुलाखाली."

"त्या वाऱ्यात? गारढोण भात?"

वहिनींनी डोळे पुसले, त्याला खांद्याला धरून माझ्या बाकावर बसवलं.

"ह्याला एक मोठी वाटी दे. कढत दे," त्या मला म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी रश्श्याचं झाकण उघडून बघितलं नाही.