वाटीतली मुंगी

मालनबाईंना वाटीतलं दूध बघवत नसे. पडेगावच्या त्यांच्या गल्लीत साऱ्यांना ठाऊक होतं, की ही बाई चहासुद्धा कोरा पिते. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नसती.

सून मेघा बाळंत होऊन घरी आली. पोट साफ होईना, छातीत जळजळ, टाक्यांवर जोर पडायची भीती. दवाखान्यातून इसबगोल आणि ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध दिलं होतं. मालनबाईंनी दोन्ही पिठाच्या डब्यामागं दडवलं.

"अंगावर पाजतीस ना? मग सोस. औषध दुधात उतरतं, लेकराला बाधतं."

मेघा बिचारी सोसत राहिली. संडासच्या धास्तीनं जेवण टाळू लागली. नातू रडला, की मालनबाई कानांवर हात ठेवायच्या. त्यांना दोन रडणी ऐकू यायची. एक पाळण्यातलं, दुसरं सोयगावचं.

सोयगावला त्यांना पहिली मुलगी झाली होती. तेव्हा त्यांचंही पोट साफ होईना, म्हणून त्यांनी सासूला चोरून शेजारणीकडून इसबगोल आणून घेतलं. पुढं पोरीला हगवण लागली आणि चोरी उघडी पडली. सासूनं त्यांचं दूध वाटीत पिळून घेतलं, त्यात मुंगी सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर विषारी, अशी त्या घरची परीक्षा. मुंगी मेली. पोरीला छातीपासून तोडून साखरपाण्यावर ठेवलं. ती रडायची, इकडं मालनबाईंचा पदर भिजायचा, आणि त्या ते दूध मोरीत पिळून टाकायच्या. रडणं बारीक होत गेलं, मग थांबलं. "तुझ्या दुधानं खाल्लं पोरीला," सासू म्हणाली. मालनबाईंनी ते खरं मानलं. पुढं मुलाला, संघपालला, पाजताना ताप चढला, तरी त्यांनी गोळीला हात लावला नाही.

मेघाला संडासावाटे रक्त पडलं, तेव्हा संघपालनं दोघींना दवाखान्यात नेलं.

"औषध घेतलं नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मेघा सासूचं नाव घेईना.

"म्याच लपवलं," मालनबाई म्हणाल्या. "इसबगोल दुधात उतरतं ना?"

"नाही हो मावशी. ते रक्तातच जात नाही, तर दुधात कुठून येणार? हे पांढरं औषधही फारसं जात नाही. पोट साफ करायची सगळीच औषधं अशी नसतात, म्हणून विचारून घ्यायची. ही दोन्ही खुशाल घेऊ द्या."

"अन् लेकराला हगवण लागली तर?"

"तरी पाजायचंच. तेव्हा तर आईचं दूध जास्तच लागतं."

"मग मुंगी का मेली?"

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही.

घरी येताच मालनबाईंनी डबा सरकवला. पेलाभर पाण्यात इसबगोल कालवून मेघाच्या हातात दिलं. "घे बाई. चुकलं माझं."

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पिशवीचं दूध वाटीत ओतलं. ओट्यावरची एक मुंगी चिमटीत धरून आत सोडली. मुंगीनं पाय झाडले, ती गोल फिरली आणि या चांगल्या दुधातही बुडून मेली.

बाहेर नातू पोटभर पिऊन झोपला होता. सोयगावचं रडणं मात्र चालूच होतं. ती पोर इतकी वर्षं काय मागतेय, ते मालनबाईंना आज कळलं.