आल्दोच्या पुढचं वाक्य

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या इंग्लिश क्लासच्या जिन्यात चपला साठायच्या, तसे ते आपोआप साठले. आता राजारामपुरीतला तो क्लास बंद झालाय. चपला ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, किस्से तेवढे माझ्याकडे राहिले. वाईट वाटतं, दुसरं काय!

आमचे सर म्हणायचे, "शब्द तुम्हाला येतात, जोडता येत नाहीत." म्हणून दर सोमवारी चिठ्ठ्या! चिठ्ठीवर वाक्यं जोडणारा एक शब्द असायचा. बिकॉज, हाउएव्हर, असलं काहीतरी. तो आठवडाभर घरीदारी वापरायचा आणि काय झालं ते शनिवारी वर्गात सांगायचं. सुटका नाही!

मला देअरफोर आला. मी कागल एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. मॅनेजरला ऐटीत म्हटलं, "सर, सेकंड शिफ्टवाला आला नाही, देअरफोर..." पुढचं आठवेना.

मॅनेजर म्हणाले, "देअरफोर तुम्ही थांबा!"

थांबलो. आजही तो शब्द ऐकला की माझे पाय दुखतात.

मेसवाल्या बाळूदादाला आला 'इन ॲडिशन'. त्या आठवड्यात बेंगलोरचे पाहुणे जेवायला. हा आपला वाटीत वाटी ओततोय, "इन ॲडिशन, पांढरा रस्सा! इन ॲडिशन, तांबडा!" पाहुणे उठेनात, पातेली भर दुपारी रिकामी.

शनिवारी बाळूदादा हात जोडून उभा. "सर, बट द्या न्हायतर बिकॉज द्या. ह्यो शब्द आपल्याला परवडंना!"

सुनंदावहिनींना तर तिळी चिठ्ठी आली. फर्स्टली, सेकंडली, फायनली. वहिनी सासूबाईंशी मुद्देसूद भांडल्या. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, पण म्हातारी हुशार. फायनली कानावर पडलं की म्हणायची, "संपलं न्हवं? आता च्या ठेव!"

आम्ही हसून हसून लोळलो होतो. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. परवा महाद्वार रोडला वहिनी भेटल्या, तर म्हणाल्या, "फर्स्टली म्हणायला बी कुणी न्हाय ओ आता."

एकदा आम्ही सरांनाच चिठ्ठी काढायला लावली. निघालं 'इन कन्क्लूजन'. सर म्हणाले, "हा मी शेवटी वापरणार." मालकाला त्या जागेत जिम काढायची होती, त्यामुळं शेवट लवकरच आला. शेवटच्या दिवशी सर फळ्यापाशी उभे राहिले. "इन कन्क्लूजन..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "जाताना फॅन बंद करा."

पण सगळ्यांत मोठा किस्सा त्याच्या आधीचा, अप्पांचा.

अप्पा म्हणजे गुळाचे व्यापारी, मूळचे गडहिंग्लजकडचे. मराठी, कन्नड फडाफडा. इंग्रजी शिकायला आले ते जावयासाठी. पोरीनं केरळच्या मुलाशी लग्न केलं, इथंच कोल्हापुरात. अप्पा रागानं गेलेच नाहीत. पोर नवऱ्याबरोबर चेन्नईला गेली आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. जावयाला मराठी येत नाही. "आधी जावईपावण्यांशी बोलतो, त्यांची माफी मागतो, मग पोरीशी," असं अप्पांचं ठरलेलं. पण आठवडा कुठलाही असो, शनिवारचं उत्तर एकच: "जमलं न्हाय, सर."

मग त्यांना आल्दो आला, म्हणजे आपलं 'जरी'. सर हळूच म्हणाले, "अप्पा, आधी जे तुमच्या हातून झालं नाही ते सांगा. मग जे खरं आहे ते."

आठवडाभर अप्पा ओठ हलवत फिरत होते. शनिवारी त्यांनी वर्गातूनच जावयाला फोन लावला. स्पीकरवर!

फोन उचलला पोरीनं. "हॅलो? ...अप्पा?"

अप्पा गडबडले. पण पाठ केलेलं वाक्य, ते थांबतंय होय! डोळे मिटून त्यांनी सोडून दिलं, "आल्दो आय डिड नॉट कम टू युवर वेडिंग, आय वॉज स्टँडिंग अक्रॉस द रोड. फुल डे."

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पलीकडून ती रडत रडत म्हणाली, "अप्पा, परत एकदा सांगा की. मराठीत सांगा."

अप्पांनी सरांकडे बघितलं, मग आमच्याकडे. ओठ हलले. पुन्हा हलले.

"जेवलीस न्हवं?" अप्पा म्हणाले.