शिवन्याला जागं ठेवायचं होतं

तनुजा माझी शेजारीण. बजाजनगरात आमच्या दोन घरांना मिळून एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडची फोडणी आणि भांडण दोन्ही न विचारता आमच्याकडे येतात. नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो. स्वभावानं गरीब, म्हणजे आईपुढे गरीब. सासू मनकर्णाबाई. आणि मी जोहरा. मला गप्प बसता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

तनुजाची शिवन्या पालथी पडायला लागली होती, तेव्हा एका साखरपुड्याला गल्लीत फटाक्यांची माळ लागली. सगळ्यांची लेकरं दचकून रडली. शिवन्या आईच्या कडेवर पाठमोरी होती, माझ्या बांगड्यांशी खेळत राहिली. तनुजाचा चेहरा पांढरा पडला. "भाभी, हिला ऐकू येतं का हो?"

मनकर्णाबाईंनी जागेवर निकाल लावला. पोरीला उशीला टेकवून पलंगावर बसवलं आणि मागून पलंगावरच ताट आपटलं. पोरगी वळली. "बघ, ऐकतीय की चांगली!" वळणारच. पलंग हादरला तर मीही वळेन. पण सासूच्या ताटापुढे सुनेचं कोण ऐकतं?

तरी तनुजा शहरातल्या दवाखान्यात गेलीच. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. डोक्याला वायरी चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा, तो मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघायचं. तेवढा वेळ मूल गाढ झोपलेलं हवं. म्हणून सकाळपासून झोपू द्यायचं नाही, दमवून आणायचं.

पहिल्या तारखेला मनकर्णाबाई हट्टानं सोबत गेल्या. रिक्षात नातीला मांडीवर घेतलं, पदर पांघरला. क्रांती चौकाचा सिग्नल यायच्या आत पोरगी झोपली आणि तनुजाला कळलं तेव्हा तिची झोप पुरीही झाली होती. मग ती टेबलावर कशाची झोपते? वायरी ओढून खेळली. झोपेचं औषध दिलं, ते ओकली. पुढची तारीख लांबची मिळाली.

दुसऱ्या वेळी तनुजा अंघोळीला गेली तेवढ्यात म्हातारीनं पोरीला गच्चीवर नेऊन झोपवलं. तीही तारीख हुकली. तनुजा रडकुंडीला आली, तर म्हातारीच उलटली. "लेकराला जागवून मारतीस व्हय? वैरीण हाईस का आई हाईस?" सुदर्शन बूट घालता घालता म्हणाला, "आईचंबी काय चुकतंय? लेकरूच ते, झोपणारच." असल्या नवऱ्यापेक्षा दगड बरा, निदान त्यावर कपडे तरी धुता येतात.

तिसऱ्या तारखेला तनुजानं माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि पिशवी घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी निघालो. शिवन्याचे डोळे मिटायला लागले की तनुजा ओल्या रुमालानं तिचे तळपाय पुसायची. मी गुदगुल्या करायची. आधी हसली, मग रडली, मग नुसती हुंदके देत राहिली. आईच्या छातीत तोंड खुपसायची आणि आई तिला सोडवून उभी करायची. रिक्षातली एक बाई म्हणाली, "कसली आई म्हणायची ही!" मी तोंड उघडणार तोच तनुजानं माझा हात दाबला. "बोलू द्या भाभी. आज झोपली तर परत तारीख कुठून आणू?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोरीला हसून दाखवत होती.

टेबलावर तनुजा स्वतः शिवन्याच्या शेजारी आडवी झाली. मुलीनं तिचं बोट धरलं आणि क्षणात झोपली. झोपेतही हुंदके येत होते. तंत्रज्ञ बाई आवाज वाढवत गेल्या. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ. मला त्यातलं काही कळत नाही, पण बाईंनी आमच्याकडे बघायचं सोडलं तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान. मशीन लावू, पुढं ऑपरेशनचंही बघू, आशा आहे. मग सहज बोलून गेले, "पहिल्याच तारखेला तपासणी झाली असती, तर एव्हाना मशीन लागलं असतं. या वयात एकेक महिना महत्त्वाचा असतो." तनुजानं मान हलवली.

घरी मनकर्णाबाई दारातच बसल्या होत्या. माहेरची बस भलतीकडंच जाते, शहराची रिक्षा धरून कुणी माहेरी जात नाही, हे त्यांनाही कळतं. तनुजानं झोपलेल्या पोरीला पलंगावर ठेवलं आणि सांगितलं, "दोन्ही कानांनी ऐकू येत नाही."

मला वाटलं, म्हातारी छाती बडवून घेईल. ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हुतं. ही बाळंतिणीच्या खोलीत हुती तवापासनं."

मी थक्क झाले. तनुजा तिथंच जमिनीवर बसली.

"माझी नणंद अशीच हुती," मनकर्णाबाई सांगत होत्या. "उभ्या गावानं तिला मुकी म्हटलं. मरंस्तोवर मुकी. तिचं नाव काय हुतं, ते आज मलाबी आठवत नाय. म्हटलं, तपासणी झाली की शिक्का बसंल. नाय झाली तर जितके दिस जातील तितके दिस माझी नात चारचौघींसारखी ऱ्हाईल."

मला म्हातारीची कीव आली आणि तितकाच संताप. सहा महिने प्रेमानं खाल्ले होते तिनं त्या पोरीचे.

तनुजा उठली. भिंतीपलीकडून मी तिचं रडणं ऐकलं होतं, ओरडणं कधी नाही. "तुमच्या नणंदेचं भ्या माझ्या लेकीच्या बोडक्यावर का घातलं? तुम्हाला ठावं होतं तर मला का नाय सांगितलं? मला!" गल्लीतली माणसं दारात आली, इतकी ती ओरडली.

मनकर्णाबाईंनी घाईघाईनं पलंगाकडं बघितलं, ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गं. लेकरू उठंल."

तनुजा साध्या आवाजात म्हणाली, "नाय उठत, आत्याबाई. कितीबी ओरडा. नाय उठत ती."